कूलरच्या वहीतला समुद्र

आपल्या इथून समुद्र सगळीकडून सारखाच लांब,
झिरो माइलच्या खांबाशी उभं राहून
गुणवंतनं एकदा हात फिरवून दाखवलं होतं:
एक इकडं, एक तिकडं,
आणि खाली तो, पार कन्याकुमारीचा.
लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते.
मी विचारलं, मग कोणत्याले जायचं?
म्हणाला, कोकणातल्या.
तिथं मराठी बोलतात, भाव करता येते.

त्याला आता चौदा वर्षं झाली.

लोक मे महिन्यात जातात.
मे महिन्यात आमच्या घरी
सकाळी साडेसहाला फोन सुरू होतो.
पंप बसला. मोटर जळली. टाकी गळून राहिली.
भाऊ, घरात लहान लेकरू आहे, आजच या.
आणि गुणवंत डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून
मानेवाड्याहून जरीपटका, जरीपटक्याहून खामला,
स्कूटरला मागं गवताच्या ताट्या बांधलेल्या,
दुरून वाटावं, चारा घेऊन चाललाय कोणी.
सत्तेचाळीस डिग्रीत आमचं वर्षाचं राशन भरतं.

म्हणून मे नाही.
जूनपासून तिकडं होड्या बंद.
दिवाळीत खोलीचा भाव दुप्पट.
राहिला नोव्हेंबरचा शेवट.
रेवतीची शाळा चार दिवस बुडेल,
पोट दुखत होतं अशी चिठ्ठी
मी आत्ताच मनात लिहून ठेवली आहे.

हा सगळा हिशोब त्याच्याच वहीत चाललाय,
दुसरी वही घरात नाही.
ढोबळे, नंदनवन, पंप नवा, बाकी साडेतीनशे.
वेंगुर्ला, खोली, दोन रात्री, जेवण धरून.
मेश्राम मॅडम, ताट्या तीन, दिले.
गाडीचं तिकीट, तीन माणसं, स्लीपर, साठ दिवस आधी.
मधेच रेवतीनं काढलेला मासा,
त्याला पापण्या आहेत.

वेंगुर्ल्याच्या रेडकरबाईंना मी काल फोन लावला,
दुपारी, तो कामावर असताना.
मासे खातास मां? त्यांनी आधी तेच विचारलं.
म्हटलं, खातो, पण तलावातले.
त्या खूप वेळ हसल्या.
मग म्हणाल्या, खोलीत एसी नाय हां, पंखो आसा.
आणि कूलर?
सवयीनं विचारून गेले मी.
कूलर हय चलत नाय गो, हवेतच पाणी आसता.

रात्री गुणवंत आला, न्हाणीत बादलीभर पाणी ओतून घेतलं,
ताटावर बसला. मी सांगितलं,
तिथं एकही कूलर नाही म्हणे.
त्यानं घास तसाच धरला.
मग लोकं करतात काय?
मी काहीच बोलले नाही.
त्यानं वरणात भात कालवला, पुन्हा कालवला,
आणि बऱ्याच वेळानं, माझ्याशी नाही,
ताटाशीच बोलल्यासारखं म्हणाला,
म्हणजे तिथं मले कोणीच फोन नाही करणार.

हजार रुपये ॲडव्हान्स मी आज पाठवून दिले,
फॉल-पिकोच्या डब्यातले.
त्याला अजून सांगितलेलं नाही.
परत मिळणार नाहीत, असं बाईंनी दोनदा बजावलं,
ते तर मुळीच सांगणार नाही.

अंगणात जुन्या ताट्यांचा ढीग पडलाय.
आपलं बोअरचं पाणी जड,
काडीकाडीवर पांढरं पुट चढतं,
तोडलं की खपलीसारखं निघतं.
रेवती तिथं बसून नखानं ते खरवडत होती.
मी ओरडायच्या आत
तिनं एक कण जिभेवर ठेवला,
तोंड वाकडं केलं, थुंकली,
पुन्हा दुसरा घेतला.
आई, समुद्र असाच लागते का?

मले काय माहीत, म्हटलं.
हात धू आधी.